सवलत हे कारण, की कुंभाराचं गाढव?

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मोटारींच्या करसवलतीचं काय पडलंय, असं काहींना वाटेल. पण प्रश्न कार्यकारणाचा आहे, म्हणजे माल आमच्याच दुकानातला आहे.

नैयायिकांचं एक उदाहरण आहे. घडा व्हायला माती, कुंभार, चाक आणि चाक फिरवायचा दांडा लागतो. माती ज्या गाढवावरून आली, तेही घड्याआधी तिथं हजर असतं. तरी ते घड्याचं कारण नव्हे, ते 'अन्यथासिद्ध'. माती बैलगाडीतून आली असती तरी घडा झालाच असता. मग इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला सरकारनं दिलेली सवलत ही दांडा, की गाढव? प्रश्न गमतीचा नाही. त्या सवलतीचा पैसा ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही, त्याच्याही खिशातून जातो.

सुरुवात आपल्या नागपूरपासूनच करू. मे २०१७ मध्ये ओला आणि महिंद्रा यांनी इथं इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रकल्प सुरू केला. गडकरी आणि फडणवीस दोघांच्या हस्ते उद्घाटन, दोनशे वाहनांची घोषणा. वर्षभराच्या आतच चालकांच्या तक्रारी छापून येऊ लागल्या : चार्जिंगला लांब रांगा, तेवढा वेळ धंदा बंद. काहींनी गाड्या परत करून पुन्हा डिझेल धरलं. राजाश्रयात काही कमी नव्हतं, पण चाकच फिरत नव्हतं, तिथं दांडा काय करणार?

पुढचं वर्ष महत्त्वाचं, २०१९. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात ८०ईईबी हे कलम आलं. इलेक्ट्रिक वाहनासाठी कर्ज काढा आणि त्याच्या व्याजापोटी वर्षाला दीड लाखापर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करा. कानाला फार गोड. आता हिशेब करून बघा. समजा पहिल्या वर्षाचं व्याज ९० हजार झालं. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह सुमारे २८ हजार वाचले. वीस टक्केवाल्याचे पावणेएकोणीस हजारांच्या आसपास. ज्याला आयकरच लागत नाही, त्याचे शून्य. रोखीनं गाडी घेतली तरी शून्य, आणि २०२० पासून आलेली नवी करप्रणाली निवडली तरी शून्य. म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला सवलत कमी! आपल्या शहरात विजेवर पोट भरायला सगळ्यात आधी कोण उतरलं? ई-रिक्षावाले. ह्या कलमाशी त्यांचा संबंध किती आला असेल, तुम्हीच सांगा.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून इलेक्ट्रिक वाहनांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. दहा लाखांच्या गाडीला ७० हजारांचा फरक, तोही बिलावरच. विवरणपत्र नको, सीए नको. मला ही सवलत जास्त प्रामाणिक वाटते.

आता खरी परीक्षा. दांडा की गाढव हे ओळखायचं कसं? काढून घ्या आणि बघा. इतिहासानं आपल्यासाठी हा प्रयोग २०२३ मध्ये दोनदा केला. ८०ईईबीखाली कर्ज मंजूर करून घ्यायची मुदत ३१ मार्चला संपली. मोटारींची विक्री पडली का? नाही. त्या वर्षी देशातल्या इलेक्ट्रिक मोटारींचा खप आधीच्या वर्षाच्या दुपटीवर गेला. टियागोसारखी साडेआठ लाखांपासूनची गाडी रस्त्यावर आली होती, लोकांनी ती बघितली. कलमाकडे कोण बघत होतं?

दुसरा प्रयोग स्कूटरींचा. 'फेम-२' योजनेतलं अनुदान थेट किमतीतून वजा व्हायचं. १ जून २०२३ पासून त्याची कमाल मर्यादा किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ वर आणली. मे महिन्यात एक लाखाच्या वर विकली गेलेली इलेक्ट्रिक दुचाकी जूनमध्ये निम्म्याहूनही खाली आली. म्हणजे हा दांडा होता, असं म्हणावंसं वाटतं. पण थांबा. नोव्हेंबरपर्यंत आकडा पुन्हा नव्वद हजारांच्या आसपास पोचला. बऱ्याच जणांनी स्कूटर घ्यायचं आधीच ठरवलेलं होतं, ती मे महिन्यात घ्यायची हे अनुदानानं ठरवलं. माणसाचा निर्णय आणि निर्णयाची तारीख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी अहवालांत त्या सर्रास एक धरल्या जातात.

आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना विचारा. तिथं साडेसात हजार डॉलरची करवजावट २००८ च्या कायद्यापासून होती. पण तेवढा कर देय असेल तरच ती पूर्ण मिळायची, तीसुद्धा पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना. विक्रेत्याकडेच ती किमतीतून वळती करून घ्यायची सोय २०२४ उजाडल्यावर झाली, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला वजावटच बंद केली.

महाराष्ट्रानं २०२१ च्या धोरणात पहिल्या दहा हजार मोटारींना किलोवॉट-तासामागे ५ हजार, जास्तीत जास्त दीड लाख असं अनुदान ठेवलं होतं. लवकर घेणाऱ्याला वर आणखी एक लाखापर्यंत. रांगेत पुढं कोण उभं राहणार, तर ज्याच्याकडे पैसे तयार आहेत तो! २०२५ च्या धोरणात मात्र वेगळी गोष्ट आली : समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी. ह्या जातीची सवलत आपल्या देशी गाडीनं पूर्वी अनुभवलेली आहे. बेंगळुरूची रेवा लंडनमध्ये जी-विझ नावानं खपली, कारण तिथं शहराच्या मध्यभागी शिरायला लागणारा कर तिला माफ होता. तो फायदा गाडी दारात उभी ठेवून मिळत नव्हता, चालवली तरच मिळायचा. समृद्धीवरही तसंच. फक्त नागपूरहून मुंबई ७०१ किलोमीटर आहे, आणि मधे चार्जिंगची रांग किती, हा २०१७ चा प्रश्न तिथंही विचारावा लागेल.