घाट चढणारा दांडा: जीपच्या ‘क्रॉस’ची साडेतीनशे वर्षे

१/
बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असले, तरी त्या शहरात रेल्वे कधी आलीच नाही. मुंबईकडून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा पूर्णेच्या खोऱ्यातील सपाटीवरून. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत एक फाटा निघाला, कारण खामगावला कापसाची मोठी बाजारपेठ होती. वऱ्हाडच्या जुन्या परिभाषेत हा पायनघाट. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा हा वरचा बालाघाट. मलकापूरहून बुलढाण्याला यायचे तर राजूर घाट, खामगावहून यायचे तर बोथा घाट. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे.

रूळ वर चढले नाहीत, तेव्हा माणसे आणि माल वर नेण्याचे काम मोटारीकडे आले. त्या मोटारीच्या पोटाखाली फिरणाऱ्या एका दांड्याविषयी हा धागा आहे. तो कोठून आला, झिजतो कसा आणि दुरुस्त करताना मिस्त्री त्यावर खूण का करतो, हे आपण पाहू.

२/
बैलगाडीला या दांड्याची गरज नसते. बैल जू ओढतात, गाडी पुढे सरकते आणि चाके आपोआप फिरतात. मोटारीत क्रम उलटा आहे. तेथे चाकच फिरवावे लागते, मग गाडी सरकते. इंजिन पुढे आणि फिरवायची चाके मागे असतील, तर मधल्या अंतरातून फिरकी वाहून नेणारे काहीतरी हवे.

३/
फिरकी वाहून नेणारा दांडा वऱ्हाडला मोटारीच्या आधीपासून ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापूस पिकवणाऱ्या या मुलखात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. एका वाफेच्या इंजिनावर एक लांबलचक शाफ्ट फिरे आणि त्यावरील पट्ट्यांनी जिनांची रांगच्या रांग चाले. पण तो शाफ्ट सरळ असे आणि इमारतीला घट्ट जखडलेला असे. त्याने वाकायचे नसे.

मोटारीच्या दांड्याचे नशीब वेगळे. त्याचे पुढचे टोक गिअरबॉक्सला बांधलेले, मागचे टोक कमानपाट्यांवर झुलणाऱ्या एक्सलला. खड्डा आला की एक्सल वर-खाली होतो, म्हणजे दांड्याचा कोनही बदलतो आणि लांबीही. फिरता फिरता वाकणारा सांधा नसेल, तर असा दांडा पहिल्याच खड्ड्यात मोडेल.

४/
हा सांधा मोटारीहून दोन शतकांनी जुना आहे. युरोपात त्याला अनेक भाषांत ‘कार्दान’ म्हणतात, सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो (१५०१-१५७६) यांच्या नावावरून. मात्र कार्दानोंनी वर्णन केलेली रचना ही एकात एक बसवलेल्या, मुक्तपणे झुलणाऱ्या कड्यांची होती. फिरकी वाहून नेणारा सांधा छापील पुस्तकात नीट मांडला तो लंडनच्या रॉबर्ट हूक यांनी, १६७६ मध्ये.

१६७६ म्हणजे आपल्याकडचा कोणता काळ? सिंदखेड राजाच्या जाधवांची लेक जिजाऊ निवर्तून दोन वर्षे झाली होती आणि शिवाजी महाराज दक्षिण मोहिमेच्या उंबरठ्यावर होते. त्याच वेळी लंडनमध्ये एक माणूस सूर्य न्याहाळण्याच्या उपकरणांवर पुस्तक लिहिताना हा सांधा मांडत होता. (या हूक यांचे खात्रीचे असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. न्यूटनशी वैर पत्करलेल्यांच्या वाट्याला विस्मृती जरा अधिकच आली.)

५/
सांधा दिसायला सोपा आहे. दोन दांड्यांच्या टोकांना दोन दुबोटी काटे, ज्यांना मिस्त्री ‘योक’ म्हणतात. दोघांच्या मध्ये अधिकचिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. एका काट्याने त्याच्या दोन भुजा धरायच्या, दुसऱ्याने उरलेल्या दोन. आपल्याकडे गॅरेजात याला कोणी कार्दान म्हणत नाही आणि हूकही म्हणत नाही. तो ‘क्रॉस’.

६/
आता या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हूक यांना त्याच वेळी ठाऊक होते की हा सांधा वाकलेल्या स्थितीत फिरकी एकसारखी पोहोचवत नाही. पहिला दांडा समान वेगाने फिरत असला, तरी दुसरा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सूर्यघड्याळावरील तासांच्या रेषांमधील अंतरे अशीच असमान असतात. म्हणून हूक यांना हा दोष वाटला नाही, उलट त्या रेषा आखण्यासाठी ही असमानता उपयोगाची वाटली.

मोटारीला मात्र ती बाधते. सांधा १० अंशांत वाकला असेल, तर वेगातील चढउतार दोन्हीकडे सुमारे दीड टक्का. ३० अंशांत वाकला, तर वेग एकदा १३ टक्क्यांनी घटतो आणि एकदा १५ टक्क्यांनी वाढतो. असा झटका मिनिटाला हजारो वेळा बसला, तर गाडी थरथरते आणि दाते झिजतात.

उपाय असा की दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा द्यायचा, दोन्ही कोन सारखे ठेवायचे आणि दांड्यावरचे दोन्ही योक एका रेषेत बसवायचे. मग पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा तेवढ्याच मापाने पुसतो. ही एका रेषेची अट लक्षात ठेवा. पुढे ती राजूर घाटात उपयोगी पडणार आहे.

७/
सुरुवातीच्या अनेक मोटारी सायकलीसारख्या साखळीवर चालत. लुई रेनो या तरुणाने १८९८ च्या नाताळच्या आदल्या रात्री पॅरिसमधील माँमार्त्र टेकडीचा चढ आपल्या छोट्या गाडीने चढून दाखवला. त्या गाडीत साखळी नव्हती, कार्दान सांध्यांचा दांडा होता. या दांड्याची जाहीर परीक्षा चढावर झाली, ही गोष्ट घाटाखाली राहणाऱ्यांना आवडावी. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ मध्ये मोटारीसाठी सुधारलेल्या सांध्याचे पेटंट मिळवले. आजही ‘स्पायसर’ हे नाव क्रॉसच्या खोक्यांवर दिसते.

८/
दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चारही चाकांना ताकद द्यायची म्हणून त्यांत एकाऐवजी दोन दांडे आले, एक मागे आणि एक पुढे. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले आणि त्याच सुमारास मुंबईतील माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपचे वंशज पुढे विदर्भ-मराठवाड्यात ‘काळी-पिवळी’ म्हणून धावले. एस.टी. जेथे दिवसातून एकदा जाई, तेथे जीप भरली की निघे.

९/
क्रॉसच्या चारही टोकांवर पोलादी टोप्या असतात आणि त्यांच्या आत सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग. त्यात ग्रीस असेपर्यंत सारे ठीक. ग्रीस सुकले, धूळ शिरली, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल लागला की सुया क्रॉसच्या भुजांवर खाचा पाडू लागतात. टोपीभोवती गंजाची तांबूस पूड दिसते. क्लच सोडताच खालून ‘खट्’ असा आवाज येतो. मग ठरावीक वेगाला गाडी गुरगुरू लागते. येथवर येऊनही जो गाडी हाकत राहतो, त्याचा दांडा एक दिवस निखळतो.

१०/
निखळण्याचा अर्थ घाटात फार वेगळा असतो. उतारावर जुनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीवर आवरली जाते. दांडा तुटला की इंजिन आणि चाके यांचा संबंध संपतो आणि ती ओढ नाहीशी होते. विलीज जीपमध्ये आणखी एक मेख आहे. तिचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, जेथून दांडा सुरू होतो तेथे बसवलेला असतो. म्हणजे तो चाकाला धरत नाही, दांड्याला धरतो. मागचा दांडाच गेला, तर हँडब्रेक कितीही ओढा, मागची चाके मोकळीच. उरतो तो केवळ पायाचा ब्रेक.

म्हणून अशा जीपचा दांडा सोडवण्यापूर्वी जाणता मिस्त्री पान्याला हात लावत नाही. आधी तो चाकांमागे धोंडे लावतो. हँडब्रेक ओढून निर्धास्तपणे गाडीखाली शिरणारा माणूस स्वतः सोडवत असलेल्या वस्तूवरच विसंबलेला असतो.

११/
मग येते ती खूण. बोल्ट काढण्याआधी दांड्याच्या दोन्ही टोकांना, आणि जेथे त्याचे दोन भाग दात्यांनी एकमेकांत सरकतात तेथेही, पंचाने ठिपका मारायचा किंवा खडूने रेघ ओढायची. बाकीचे काम हाताच्या सवयीचे. लॉक काढायचे, व्हाइसमध्ये दाबून जुन्या टोप्या बाहेर ढकलायच्या, नव्या क्रॉसच्या सुया ग्रीसमध्ये उभ्या चिकटवून ठेवायच्या आणि एकही सुई आडवी न पडू देता टोपी सरळ दाबत न्यायची. ग्रीसचा निप्पल नंतर पंप लागेल अशा बाजूला ठेवायचा. नळीवर डकवलेल्या लहान पट्ट्या काढायच्या नाहीत. त्या तोल साधण्यासाठी कारखान्यातच जोडलेल्या असतात.

दांडा परत जोडताना दाता एका घराने जरी चुकला, तरी दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत. मग दुसरा सांधा पहिल्याची चूक पुसू शकत नाही, आणि नवा कोरा क्रॉस घालूनही गाडी थरथरत राहते. गिऱ्हाईक म्हणते, माल खराब. माल चांगला असतो, रेघ चुकलेली असते. पंचाचा तो ठिपका म्हणजे हूक यांच्या असमान वेगावरचा सर्वांत स्वस्त उतारा आहे.

१२/
दांड्याची नळीच वाकली किंवा फाटली असेल, तर वेल्डिंगचा मोह होतो. जोड मजबूत येईलही, पण लेथवर सरळपणा तपासल्याशिवाय आणि तोल साधल्याशिवाय तो दांडा वेगात धड फिरत नाही. येथे बदलणेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

१३/
१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि भारतीय रस्त्यांवर वेगळाच प्रकार सुरू झाला. इंजिन पुढे, आडवे. चालणारी चाकेही पुढचीच. पोटाखालचा लांब दांडा गेला. त्याऐवजी गिअरबॉक्सपासून दोन्ही चाकांकडे दोन आखूड दांडे आले. पण पुढची चाके वळतातही, आणि वळताना सांधा ३० अंशांच्या पुढे वाकतो. १३ आणि १५ टक्क्यांचा हिशेब आठवा. साधा क्रॉस तेथे चालणारच नाही.

उत्तर आधीच तयार होते. फोर्डमध्ये काम करणारे आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२० च्या दशकात सहा पोलादी गोळ्यांचा सांधा योजला. गोळ्या नेहमी दोन्ही दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, त्यामुळे वेग कोणत्याही कोनात समान राहतो. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ने हा प्रकार सामान्य मोटारीत रुजवला. गॅरेजात तो ‘सीव्ही जॉइंट’.

१४/
याचे आजारपण रबरी टोपणापासून सुरू होते. टोपण फाटले की ग्रीस उडून जाते, धूळ आत शिरते आणि वळताना ‘कट-कट-कट’ ऐकू येते. टोपण फाटल्याचे वेळीच दिसले, तर धुऊन, नवे ग्रीस भरून, नवे टोपण चढवून भागते. आवाज सुरू झाल्यावर मात्र गोळ्यांच्या कडक पोलादी खोबणी झिजलेल्या असतात. त्या कोणत्याही लेथवर परत घडवता येत नाहीत. अख्खा सांधा, कधी अख्खा दांडाच बदलावा लागतो.

जुने ते दुरुस्त होई, नवे ते फेकावे लागते, असा उसासा यावर टाकला जातो. तो अर्धाच खरा. क्रॉस दुरुस्त होत असे, कारण तो वारंवार बिघडत असे आणि ग्रीसचा पंप सतत मागत असे. झेप्पांचा सांधा वर्षानुवर्षे काहीच मागत नाही.

१५/
हूक यांचा सांधा मात्र बालाघाटातून हद्दपार झालेला नाही. पुढे इंजिन असलेल्या एस.टी.च्या आणि ट्रकच्या पोटाखाली तोच आहे. तेथे दांडा इतका लांब होतो की त्याचे तुकडे करून मध्ये टेकूचे बेअरिंग द्यावे लागते. राजूर घाटात एखादा रिकामा ट्रक पुढे चढत असेल, तर मागून त्याच्या पोटाखाली पाहा. दांडा फिरताना दिसेल. त्यावरचे योक एका रेषेत आहेत की नाहीत, हे मात्र धावत्या गाडीत दिसणार नाही. ते ट्रकच्या चालकाला बसल्या जागी कळत असते.