हुंडी परत आली तर…

नरसी मेहतांच्या हुंडीची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंनी आपली रोकड जुनागढास नरसींपाशी ठेवली, नरसींनी शामळशा शेटच्या नावे हुंडी लिहून दिली, आणि द्वारकेत त्या नावाचा कोणी शेटच नसल्यामुळे भगवंतानेच शेट होऊन ती सकारली. कथा गोड खरीच. पण मला तीत नेहमी त्या यात्रेकरूंची दया येते. शेट भेटेपर्यंत, हातात नुसता कागद घेऊन परक्या गावी हिंडताना त्यांच्या जिवाची काय तगमग झाली असेल!

एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी घ्यावयाचे, वाटेत चोरांचे भय नको, हा हुंडीचा उपयोग. दर्शनी हुंडीचे पैसे ती दाखविताच मिळावयाचे, मुदतीचे मुदत भरल्यावर. पण समोरच्या पेढीने नकार दिला तर? आपल्या सावकारांनी हा भार देवावर टाकला नव्हता. हुंडीबरोबर कधीकधी 'जिकरी चिठ्ठी' देत. ती त्याच गावच्या दुसऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या नावे असे; मूळ पेढीने हुंडी नाकारली तर आपण ती सकारून आमची अब्रू राखावी, अशी तीत विनंती असे. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत 'पेठ' आणि तिसरी 'परपेठ' लिहून मिळे.

पुढे इंग्रजी अमलात १८८१ चा कायदा झाला. त्याने देशी भाषांतील हुंड्यांचे स्थानिक रिवाज तसेच राहू दिले. चेकला मात्र कलमांच्या चौकटीत बसविले. पुरेशा रकमेअभावी चेक परत जाणे हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरला तो १ एप्रिल १९८९ पासून.

म्हणून वाचकहो, चेक भरला म्हणजे पैसा आला असे नव्हे. तो वटला म्हणजे आला. परत आलाच, तर बँकेची चिठ्ठी आधी नीट वाचावी व जपून ठेवावी. तारीख शिळी, अक्षरी व अंकी रक्कम वेगळी, असे कारण असेल तर बहुधा नवा चेक मागितल्याने भागते. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत ३ महिन्यांचीच आहे. तेवढ्यात तोच चेक पुन्हा भरताही येतो. खात्यात रक्कमच नसेल, आणि चेक देणे फेडण्यासाठी दिलेला असेल, तर मात्र दिवस मोजावे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते. ती पोचल्यावर देणाऱ्यास १५ दिवस मिळतात. त्यांतही त्याने पैसे न दिल्यास पुढे महिन्याभरात न्यायालयात फिर्याद.

त्या १५ दिवसांत मला जुन्या जिकरी चिठ्ठीचाच अंश दिसतो. तेव्हा दुसरी पेढी अब्रू सावरीत असे; आता ती ज्याची त्याने सावरावयाची. कायद्याने माणसाला चोर म्हणण्याआधी एकदा दार वाजविले आहे. लक्ष्मीपूजनाला आपण वहीवर 'शुभ' आधी लिहितो आणि 'लाभ' मागून, यातही तेच शहाणपण असावे.