कवायती पलटणी आणि पवारांचा माळवा

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि दया बहादूर यांचा पाडाव केला. या मोहिमेत उदाजी पवारही होते. घोडदळाच्या वेगावर मिळालेल्या माळव्यात पुढे पवारांची धार उभी राहिली. देवास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंकडे आले व थोरली पाती, धाकटी पाती अशी विभागली गेली.

१७६१ साली पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींचा मारा तिथे दिसला होता, पण त्याचा धडा गिरवला महादजी शिंद्यांनी, तोही बऱ्याच वर्षांनी. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉयच्या डी बॉयनकडून पलटणी उभारून घेतल्या. १७८७ च्या लालसोट मोहिमेत मोगल पलटणी ऐन वेळी शत्रूला मिळाल्या आणि महादजींना माघार घ्यावी लागली. मात्र डी बॉयनच्या पायदळाने राठोडांच्या घोडदळाचे हल्ले परतवले. त्यानंतर महादजींनी पलटणी वाढवल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याला त्याचे फळ मिळाले. शिपायाला ठरलेला पगार वेळेवर मिळणे हे या सैन्याचे खरे बळ होते आणि त्यासाठी दोआबातला मुलूख जायदाद म्हणून डी बॉयनकडे लावून दिला होता.

१७९३ मध्ये लाखेरीला होळकरांच्या नव्या पलटणी याच फौजेपुढे नाहीशा झाल्या. तरी होळकरांनी कवायत सोडली नाही. धारच्या आनंदरावांनी पडत्या काळात आसरा दिलेल्या यशवंतराव होळकरांनी १८०२ मध्ये हडपसरला शिंदे-पेशव्यांना हरवले, त्यात पलटणी आणि तोफांचा मोठा वाटा होता.

धार-देवासला असा खर्च पेलण्याजोगा मुलूख नव्हता. शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी दोन्ही संस्थाने लुटली. १८०७ मध्ये आनंदराव वारल्यावर त्यांच्या पत्नी मीनाबाईंनी धार कशीबशी तगवली. डिसेंबर १८१८ मध्ये देवासने आणि जानेवारी १८१९ मध्ये धारने इंग्रजांशी तह केला. मोठ्या सरदारांच्या लष्करी सुधारणेची किंमत शेजारच्या या लहान संस्थानांनी मोजली.