भिवंडीच्या सुताची खळ
भिवंडीत उत्तर हिंदुस्थानातून येऊन वसलेल्या विणकरांनी हातमाग रुजवला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे यंत्रमाग आले. दोन्हींत ताण्याच्या सुताला खळ लावावीच लागे. फणीत घासणारा आणि धोट्याच्या प्रत्येक फेरीला ताण सोसणारा धागा खळीशिवाय टिकत नाही. हातमागावर हे काम पांजणी करून, कुंच्याने होई. पुढे सायझिंग कारखान्यांनी ते घेतले.

मक्याच्या पिठाची खळ आणि कापसाचे तंतू मिळून खरे तर निसर्गात कुजून जाणारा संमिश्र पदार्थच तयार होतो. खळ कडक झाली की तडकून भुकटी झडते, मऊ राहिली की धागे चिकटतात. ही पारख कारागीर बोटांनी करीत. सुताच्या बळाला आकडा देणारी जुनी चाचणी होती ती ‘ली’ या लडीची: दीड यार्ड घेराच्या फाळक्यावर 80 फेरे, म्हणजे 120 यार्ड सूत, तुटेपर्यंत ताणायचे. मुंबईत माटुंग्याला 1924 साली कापूस तंत्र प्रयोगशाळा निघाली, तिथे तंतूंचेही मोजमाप होऊ लागले.

पण ली अख्ख्या लडीचे बळ सांगते, खळीच्या पातळ थराचे नाही. त्यासाठी हिऱ्याचे सूक्ष्म टोक थरात रुतवून, दाब काढताना तो किती उसळतो हे पाहतात. दाब आणि खोलीच्या आलेखावरून कडकपणा व ताठरता काढण्याची सर्वमान्य रीत ऑलिव्हर आणि फार या संशोधकांनी 1992 मध्ये मांडली. स्टार्चचा थर दमटपणाने मऊ होतो, म्हणून मोजताना हवेतील आर्द्रताही नोंदवावी लागते. भिवंडीच्या पावसाळ्यात खळ बिघडते ती याच कारणाने.