देवगडचा तंटा आणि नागपूरचा मध्यस्थ

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे मराठी कशी, असे कोणी विचारले की आपण चटकन ‘भोसल्यांचे राज्य होते ना’ असे सांगून मोकळे होतो. उत्तर अर्धेच आहे. त्याआधी हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता आणि त्यांच्या गादीपर्यंत रघूजी भोसले पोचले, ते घरातले भांडण मिटवायला बोलावणे आले म्हणून.

देवगडचा बख्त बुलंद मोठा कर्तबगार. नागपूर शहर वसवले ते त्यानेच. त्याचा मुलगा चांद सुलतान राजधानी नागपुरात घेऊन आला. १७३९ च्या सुमारास तो वारला आणि बख्त बुलंदाचाच एक अनौरस मुलगा वलीशाह गादी बळकावून बसला. चांद सुलतानाच्या राणीला बुऱ्हाणशाह आणि अकबरशाह असे दोन मुलगे. तिने वऱ्हाडात असलेल्या रघूजींना साकडे घातले. रघूजी आले, वलीशाहाचा निकाल लावला, दोघा भावांना गादीवर बसवले आणि भरघोस मोबदला घेऊन परत गेले. येथवर सारे रीतीला धरून झाले.

पण एका गादीवर दोन भाऊ किती दिवस नांदणार? १७४३ मध्ये त्यांचे फाटले. थोरल्या बुऱ्हाणशाहाने पुन्हा रघूजींनाच हाक मारली. या खेपेला समेटाची भाषा फार टिकली नाही. अकबरशाह परागंदा झाला. पुढे हैदराबादेत त्याच्यावर विषप्रयोग झाल्याचे सांगतात. बुऱ्हाणशाह राजा राहिला, पण नावाचा. त्याला नेमणूक मिळाली, कारभार मात्र रघूजींच्या हाती गेला. गोंड राजाचा मान त्यांनी मोडला नाही, हे त्यांचे शहाणपण म्हणायचे. मला मात्र त्यात हिशेबच अधिक दिसतो. मूळ धन्याला पुढे उभे केले की नव्या धन्याकडे बोट दाखवायचे कोणी?

यात राणीला दोष देण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजूंना धाक वाटेल असा तिऱ्हाईत तिला हवा होता, आणि असा तिऱ्हाईत बहुधा फौजेसकटच येतो. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून गोटमार करतात, त्याआधी शांतता समिती बसते. तिथे निदान दोन्ही काठांची माणसे समोरासमोर असतात. देवगडच्या भावांना तसे कोणी बसवलेच नाही.

पुढे तंटा मध्यस्थाच्याच घरात शिरला. १७५५ मध्ये रघूजी वारले आणि जानोजी व मुधोजी या मुलांत वारशाचा वाद पेटला. आता मध्यस्थ होते पुण्याचे पेशवे. जानोजीला सेनासाहेबसुभा हे पद, मुधोजीला सेनाधुरंधर हा किताब आणि चांदा, अशी वाटणी ठरली. १७७२ मध्ये जानोजी गेले, तेव्हा पुन्हा तेच. या वेळी मुधोजी आणि साबाजी हे भाऊ समोरासमोर आले. १७७५ च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले, तेही मुधोजींच्याच गोळीने.