तीन चित्रपटांची एक तबकडी

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याहून माझ्याकडे एक पत्र्याची पेटी आली. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, परंतु जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच आहे.) पेटी एका निवृत्त शिक्षकांची. मुले पुण्यास स्थायिक झालेली, गुरुजींनाही आता तिकडेच जायचे होते. पेटीत चित्रपटांच्या सत्तरएक तबकड्या होत्या. त्यांतल्या काही एकेका चित्रपटाच्या, प्रत्येकीला वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेले. उरलेल्या ‘एकात तीन’ अशा छापाच्या, एकावर एक रचलेल्या, उघड्याच. गुरुजी म्हणाले, “फादर, सुट्या आहेत तेवढ्या ठेवा. संच टाकून दिलेत तरी माझी हरकत नाही.”

वरवर पाहता ही एका माणसाच्या आवडीची गोष्ट आहे. पण चित्रपट सुटा घ्यावा की गठ्ठ्याने, हा प्रश्न चित्रपटाच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेला आहे, आणि गुरुजींनी दिलेला निकाल मला तितकासा सरळ वाटला नाही.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, तेव्हा एक रुपयाच्या तिकिटात सहा चित्रे दाखविण्यात आली. त्यांतले एखादेच पाहण्याची सोय नव्हती, आणि तशी मागणीही कोणी केली नसेल. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हाही तो एकटा आला नाही. त्याच खेळात इरीन डेलमार या नर्तकीचे नृत्य होते आणि पायांनी कसरती करणारा एक कलावंत होता. पुढल्या वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’सोबत ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी चित्रपट जोडलेला होता. म्हणजे आपल्याकडे चित्रपट आला तो संचाच्या रूपानेच. प्रेक्षकाला पोटभर काही मिळावे म्हणून चार पदार्थ एका ताटात वाढायचे, असा तो हिशेब होता. चित्रपट लांबत जाऊन अडीच-तीन तासांचा झाला, तेव्हा कुठे एका तिकिटास एक चित्रपट ही रीत बसली.

प्रेक्षकाची अशी सुटका झाली तरी चित्रपटगृहाच्या मालकाची झाली नाही. मोठ्या कंपन्या चांगला चित्रपट सुटा देत नसत. त्यासोबत चार सामान्य चित्रपट घ्यावेच लागत. १९२७-२८ साली रंगाचारियार समितीने भारतातील चित्रपटव्यवसायाची चौकशी केली, तेव्हा या गठ्ठापद्धतीचा विषयही तिच्यापुढे होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली ही सक्ती अवैध ठरविली. मग तीच युक्ती दूरचित्रवाणीसाठी वापरण्यात आली. १९६२ च्या निकालपत्रात याचे एक मासलेवाईक उदाहरण आहे. वॉशिंग्टनच्या एका केंद्राला ‘कॅसाब्लांका’ हवा होता. त्यासाठी त्याला ‘गोरिला मॅन’ आणि ‘टगबोट ॲनी सेल्स अगेन’ यांसारखे चित्रपटही पदरात घ्यावे लागले. प्रत्येक चित्रपट ही स्वतंत्र कृती आहे, एकीच्या बळावर दुसरी गळ्यात मारता येणार नाही, असे न्यायालयाने पुन्हा बजावले.

आमच्या भोर-वेल्ह्याकडे मात्र गठ्ठा हा जुलूम नव्हता. ती चैन होती. १९८० च्या दशकात व्हीसीआर आला, तो विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. एका रात्रीसाठी टीव्ही, यंत्र आणि तीन चित्रफिती भाड्याने आणायच्या, अंगणात सतरंज्या अंथरायच्या आणि पहाटेपर्यंत तिन्ही पाहून सकाळी सारे परत करायचे. भाडे रात्रीचे, म्हणून रात्र पुरेपूर वसूल करायची. पहिला चित्रपट देवादिकांचा, म्हाताऱ्यांसाठी, दुसरा घरगुती, तिसरा मारामारीचा, तोवर म्हातारी माणसे झोपलेली असत. ‘एकात तीन’ तबकडीची कल्पना पुढे एखाद्या व्यापाऱ्याला सुचली असेल, पण तिचा साचा या अंगणांत आधीच तयार झाला होता. (सेमिनरीत आम्हांला महिन्याकाठी एक चित्रपट दाखवीत, आणि त्यावर दुसऱ्या दिवशी निबंध लिहावा लागे. संचाविषयी मला असलेले छुपे आकर्षण कदाचित तेव्हाचे असावे.)

तोरण्याच्या पायथ्याला चार महिने पाऊस कोसळतो. घरात ठेवलेल्या चित्रफितींना बुरशी धरे. तबकडीला ती भीती कमी, म्हणून इकडे तबकडीचे स्वागत झाले. प्रथम व्हीसीडी आली. तिच्यात सुमारे ७४ मिनिटांचा मजकूर मावे, म्हणून एका चित्रपटास दोन तबकड्या, क्वचित तीन लागत. मग डीव्हीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकण्यास सुरुवात केली आणि चोरट्या प्रतींच्या भावात अधिकृत चित्रपट मिळू लागला. मुंबईस नोकरीला असलेली माणसे जत्रेला गावी येताना नारळ-पेढ्यांबरोबर तबकड्या आणू लागली. नसरापूरच्या बाजारातही त्या दिसू लागल्या. भाव इतका उतरल्यावर दुकानदाराजवळ गिऱ्हाईक ओढण्याचा एकच उपाय उरतो : त्याच पैशांत अधिक देणे.

अधिक देण्याची किंमत कोठे वसूल होते, ते थोडा हिशेब केला की कळते. एकेरी थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. अडीच तासांचे तीन चित्रपट म्हणजे साडेसात तास. भागाकार केला तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे १.४ मेगाबिट येतात, आणि ते तर जवळजवळ व्हीसीडीचेच माप झाले. वेष्टनावर डीव्हीडी, पण आतल्या माणसांचे चेहरे धुकट आणि पावसाच्या दृश्यात सगळे चौकोन-चौकोन. शिवाय ते दिवस भारनियमनाचे होते. सलग तीन तास वीज मिळण्याची मारामार, तेथे साडेसात तासांचे काय! गुरुजींचा संचांवरील राग निव्वळ कंजूष दर्जाचा राग नव्हता, हे मला मागाहून समजले. सुटी तबकडी त्यांनी स्वतः निवडलेली होती. काही तर आधी थिएटरात पाहून, वर्षभर मनात घोळवून मग घेतलेल्या. संच पुतण्याने आणले होते : एकाच विनोदी नटाचे तीन, एकाच देवाचे तीन. “यात मी कुठे आहे?” असे ते म्हणाले.

दुसऱ्याने लावलेल्या संचात आपण नसतो, हे खरेच. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, जीवनमूल्ये आणि कला असे पंधरा-पंधराचे तीन गट. यादी मोठी साक्षेपी आहे. पासोलिनी हा नास्तिक म्हणविणारा दिग्दर्शक, पण त्याने चित्रित केलेले मत्तयलिखित शुभवर्तमान तीत सन्मानाने बसले आहे. किस्लोवस्कीचा ‘डेकालॉग’ तर दहा आज्ञांवरील दहा चित्रपटांचा संच; तो एकच धरला आहे. ॲटनबरो यांचा ‘गांधी’ही आहे. पण प्रभातचा ‘संत तुकाराम’ नाही. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात ज्याचा गौरव झाला, देहूच्या माणसाची ईश्वरभक्ती ज्याने इटलीपर्यंत नेली, तो चित्रपट रोमला आठवला नाही. मी यादीचा आदर करतो. माझ्या कपाटात मात्र पंचेचाळिसांनंतर ‘संत तुकाराम’ सुटा ठेवलेला आहे.

तरीही गुरुजींचा सल्ला मी मानला नाही. कारण माझ्या हातातला रोजचा ग्रंथ हाच एक संच आहे. बायबल या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधील अनेकवचन आहे, ‘पुस्तके’. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशूच्या हाती दिली गेली ती एकट्या यशयाची गुंडाळी. सारी पुस्तके एका बांधणीत येण्यास पुढे तीनएकशे वर्षे जावी लागली. मराठीतही सेरामपूरहून १८०५ साली प्रथम आले ते सुटे मत्तयच. पण बारा लघुसंदेष्ट्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची पुस्तके यहुदी लोक पूर्वीपासून एकाच गुंडाळीवर लिहीत. असे का, याचे उत्तर ताल्मुदात मिळते : होशेयचे पुस्तक लहान, वेगळे ठेवले तर हरवून जाईल. ओबद्या तर एका अध्यायाचा. सुटा विकत घेण्यास त्याला कोण गिऱ्हाईक मिळाले असते?

चित्रपटांच्या बाबतीत हरवणे ही नुसती कल्पना नव्हे. भारतात निघालेल्या सुमारे १३०० मूकपटांपैकी आज तीसही शिल्लक नाहीत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी रिळे अक्षरशः दारोदार फिरून गोळा केली. तरी जानेवारी २००३ मध्ये तेथील ज्वालाग्राही नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या मूळ फितीही गेल्या. मोझर बेअर कंपनीही २०१८ साली अवसायनात निघाली. गुरुजींच्या संचांत तिसऱ्या क्रमांकावर असलेले काही मराठी चित्रपट मला सुट्या तबकडीवर कोठेही दिसलेले नाहीत. ते तेथे आहेत ते कोणी निवडले म्हणून नव्हेत. तबकडीवर जागा उरली होती म्हणून.

तबकडी चालविण्याचे यंत्रच आता घरांतून नाहीसे झाले आहे. भोरमधील एका कुटुंबाकडे माळ्यावर एक निघाले, ते मागून आणले. देवांच्या संचातील तिसरा चित्रपट लावला. तो तासाभराने अडकला. तबकडी काढून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसली, पुन्हा लावली; दोन-तीनदा थबकून चित्र पुढे सरकले. रात्री गुरुजींना फोन करून चित्रपटाचे नाव सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तो त्यात होता होय? आम्ही दुसऱ्याच्या पुढे कधी गेलोच नाही. शेवट काय होतो?”