एकच जहाज, एकच रोग



वर्षाचं धान्य भरताना आपण गहू निवडतो, उन्हं देतो, कडुनिंबाचा पाला घालतो. कीड झालीच नाही तर मारायचीही वेळ येत नाही. हीच आपली जयणा. हे काम करताना मला जुन्या मुंबईची मांडवी आठवते.

मुंबईचं सूत आणि अफू तेव्हा जहाजांनी चीनला जात असे. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग पसरला आणि बहुधा त्याच व्यापारी वाटेने तो मुंबईत उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत तो ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची गोदामं आणि त्यांना लागूनच दाटीची घरं. गोदामांत उंदीर भरपूर. उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून रोग माणसात येतो, हे पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. तोवर लाखो लोक मुंबई सोडून गेले होते, आणि रोगही गावोगाव पोहोचला होता.

जहाजं काही मुंबईलाच थांबत नव्हती. १९०० साली प्लेग सिडनी आणि सॅन फ्रान्सिस्कोलाही पोहोचला. तिथे त्या साथींत प्रत्येकी शंभराच्या आसपास माणसं दगावली. हिंदुस्थानात मात्र पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक!

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब मांडून पाहते. व्यापार सगळीकडे होता, मग तोटा आपल्याच पदरात इतका का? एका खोलीत दहा-दहा माणसं, उजेड नाही, वारा नाही, त्यात दुष्काळाने खंगलेली शरीरं. शिवाय सरकारची झडती अशी, की लोक भीतीने आजारी माणूस लपवत.

त्याच जगाच्या येण्याजाण्यातून औषधही आलं, हेही विसरू नये. रशियन साम्राज्यात जन्मलेल्या हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली.

आज विमानं आहेत. रोग येणारच, हे आपण २०२० मध्ये पाहिलं. तेव्हा सरकारने वापरलेला साथरोग कायदाही १८९७ चाच होता. म्हणून वाटतं, आपला डबा स्वच्छ ठेवला एवढ्याने जयणा पुरी होत नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या खोलीत वारा येतो का, त्यांना स्वच्छ पाणी मिळतं का, तेही विचारायला हवं. दान तिथून सुरू करू या.